अकरा वेढे

मेहकरच्या स्टँडवर तुम्ही शेषरावाला पाहिलं असेल. सत्तरी ओलांडलेला, पांढरा पायजमा, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत जुना टेपरेकॉर्डर. मिळेल त्या एसटीत बसायचं, मिळेल त्या गावात उतरायचं आणि कोणाच्याही दारात उभं राहून विचारायचं, "माह्या दुकानातली कोरी कॅसेट हाये का तुमच्या घरी?"

लोक हसायचे. भरलेली कॅसेटसुद्धा आता कोणी घरात ठेवत नाही, तर कोरी कोण ठेवणार? पण कोणी माळ्यावरून डबा काढायचं, कोणी चहा पाजायचं, आणि बहुतेकजण त्याच्या पाठीमागे डोक्याशी बोट फिरवून दाखवायचे. मीही कदाचित तेच केलं असतं. पण तो काय शोधतो हे मला माहीत होतं, आणि त्याआधी माझं त्याच्याशी जुनं भांडण होतं. सव्वीस वर्षं मी या माणसाशी एक शब्द बोललो नव्हतो.

शेषरावाचं मेहकरात 'शालू म्युझिक' नावाचं दुकान होतं. नाव बायकोचं. शालूबाई गेली, दुकान झेरॉक्स आणि रिचार्जचं झालं, त्यांची मुलगी अनुपमा ते चालवते. पण नव्वदच्या सुमाराला तिथे रांग लागायची. तुम्ही कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यायची आणि शेषराव कोऱ्या कॅसेटवर तुमची गाणी भरून द्यायचा. लग्नाची, बारशाची, रुसलेल्या बायकोला आणायला जातानाची, सगळी. कॅसेट भरण्यात तो वाकबगार होता आणि वाकबगार माणसात असतो तेवढा आडमुठेपणाही त्याच्यात भरपूर होता. गिऱ्हाइकाची तक्रार तो कधी ऐकून घ्यायचा नाही. "मशीन माही, कान तुमचे. खराबी कानात हाये," म्हणायचा.

त्याची एक रीत होती. कॅसेटच्या सुरुवातीला थोडी साधी पट्टी असते, तिच्यावर आवाज उमटत नाही. म्हणून भरण्याआधी तो कॅसेटच्या चाकात पेन्सिल घालून ती पट्टी पुढे सरकवायचा. पाच वेढ्यांत काम होतं. पण शेषराव मोजून अकरा वेढे द्यायचा. "दहा धंद्याचे, अकरावा देवाचा." आम्ही पोरं त्याची नक्कल करायचो. शेषराव चहात साखरसुद्धा अकरा वेढे फिरवून ढवळतो, असं गोविंदा म्हणायचा.

गोविंदा माझा मित्र. लोणारचा, माळ्याचं पोर, घरची वांगी-मिरची बाजारात विकून गिटार घेतलेला. आम्ही चौघांनी मिळून बँड काढला आणि नाव ठेवलं 'खारं पाणी', कारण आमच्या तळ्याला दुसरं काही नाव शोभलं नसतं. ड्रम धम्मरत्नचे, म्हणजे खरं तर त्याच्या काकांच्या भीमगीत पार्टीचे. चौदा एप्रिलच्या आसपास आम्हाला मिळायचे नाहीत. बेस गिटार सागरची. कीबोर्ड माझा, म्हणून मला सगळे मास्तर म्हणायचे. गाणी रॉकची, पण चाली गोविंदाला त्याच्या आईकडून आलेल्या. सुभद्रामावशी भुलाबाईची गाणी म्हणायची आणि हा तेच वळण उचलून गिटारवर आणायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, हे आपण कुठे तरी ऐकलंय. कुठे ते मात्र सांगता यायचं नाही.

चौऱ्याण्णव साली आम्ही कॅसेट काढली. कुठली कंपनी नाही, काही नाही. रेकॉर्डिंगचं मशीन अकोल्याहून दोन दिवसांसाठी आणलं. गोविंदाच्या घरच्या मागच्या खोलीत चारही भिंतींवर मावशीच्या गोधड्या टांगल्या, म्हणजे आवाज घुमू नये. पहिल्याच गाण्याला मशीन सुरू केलं, धम्मरत्ननं काड्या उचलल्या, आणि चुलीपासून मावशीची हाक आली, "गोविंदा, जेवाले ये रे!"

गोविंदा तसाच माईकसमोर बोलला, "आलो व माय, एवढं एक गाणं होऊ दे."

आणि वाजवायला लागला. नंतर ऐकताना आम्ही तो तुकडा पुसायला निघालो. गोविंदा म्हणाला, राहू द्या. तर कॅसेटची सुरुवात ती. मायलेकराची दोन वाक्यं, मग गाणं. त्या दिवशी आम्ही जेवलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि मावशीनं चौघांनाही शिव्या घातल्या.

अकोल्यात तीनशे प्रती काढल्या. चाळीसेक नात्यागोत्यात गेल्या. उरलेल्या शेषरावानं दुकानात मांडल्या. असलं गाणं दुकानात ठेवायला तयार झालेला जिल्ह्यातला तो एकटाच, हे मी आज कबूल करतो. तेव्हा केलं नव्हतं. विकली मात्र एकही गेली नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात गोविंदा मूळ टेप बॅगेत घालून पुण्याला कोणाला तरी ऐकवायला निघाला. सुलतानपूरच्या अलीकडे खडीवरून मोटारसायकल घसरली. माणूसही गेला आणि टेपही. घरातून निघताना तो आपल्याकडे सगळे म्हणतात तेच म्हणाला होता, "येतो व माय." जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं, हे पोराला तिनंच शिकवलेलं.

मी माझी प्रत तेराव्या दिवशी तळ्यात फेकली. मला तो आवाज सहन होत नव्हता. मोठं काही तरी केलं असं तेव्हा वाटलं होतं. आज वाटतं, आपण गाढव होतो.

आता शेषरावाचं पाप. पुढच्या वर्षी अधिक महिना आला. गावोगाव सप्ताह लागले, कीर्तनाच्या कॅसेटींना मागणी आली आणि बाजारात कोऱ्या कॅसेटींचा तुटवडा पडला. मी सहज दुकानावर गेलो तर हा काउंटरवर आमचे खोके उघडून बसलेला. कॅसेटच्या पाठीला दोन भोकं असतात. ती उघडी असली तर तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. शेषराव त्या भोकांवर चिकटपट्टी लावत होता. एकेक कॅसेट घ्यायची, आमचा कागद खरवडायचा, स्वतःच्या दुकानाचा पिवळा कागद डकवायचा, शिक्का मारायचा.

"हे काय करून राह्यले?" मी विचारलं.

"कोऱ्या कमी पडल्या, मास्तर."

"या कोऱ्या आहेत?"

त्यानं वर न पाहता सांगितलं, "कोनी ऐकलीच नाई, तं कोरीच म्हणाची."

मी काउंटरवरची चिकटपट्टीची गुंडाळी उचलून रस्त्यावर भिरकावली आणि निघून आलो. दोनशे साठ कॅसेटी. वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबला होता म्हणे, एवढी त्याची माणुसकी. त्या दिवसापासून मी मेहकरात त्या गल्लीनं गेलो नाही.

पण पुसलेलं सगळं पुसलं जात नाही. कीर्तन बावीस-तेवीस मिनिटांत संपायचं आणि बाजू तीस मिनिटांची. उरलेल्या जागेत आमचं शेवटचं गाणं तसंच राहायचं. गावात सप्ताह चालू आहे, भोंग्यावर कॅसेट लावलीय, कीर्तन संपलं, लावणारा चहाला गेलाय, आणि देवळाच्या शिखरावरून मेलेल्या पोराचा आवाज गावभर. कुठे म्हाताऱ्यांनी लिंबू उतरवलं. कुठे कॅसेट विहिरीत टाकली. लोक शेषरावाकडे परत घेऊन यायचे, "याच्यात कोनी तरी हाये," म्हणायचे. शेषराव हसायचा, "जुनं गाणं राह्यलं असंल मांगं. पुढं ऐकूच नका." कोणी सांगू लागलं की कुठे ऐकलं, कसं ऐकलं, तर तो पुरतं ऐकून घ्यायचा नाही. कान तुमचे, खराबी कानात.

सुभद्रामावशीपाशी तिची प्रत होती. गोविंदा गेल्यावर ती रोज एकदा लावायची. गाणी नाही ऐकायची; सुरुवात ऐकायची, बंद करायची, कामाला लागायची. आठ वर्षं ती कॅसेट टिकली. मग एक दिवस मशीननं पट्टी खाल्ली. मावशीनं मला बोलावून घेतलं, मी तुकडे जुळवून पाहिले, काही जमलं नाही. ती रडली नाही. म्हणाली, "येतो म्हनून गेला. आलो म्हनलेलं तेवढं याच्यात होतं."

मग वर्षं गेली. इंटरनेटवर आमच्या कॅसेटच्या कव्हरचा एक फोटो फिरू लागला. दुर्मीळ, स्वतंत्र, मराठी रॉकची अमुक अन् तमुक, असं लोक लिहू लागले. पुण्यातला एक संग्राहक मला फोन करून करून थकला. दुकानात असताना कुत्रं फिरकलं नाही, आणि आता ही ऐट. मी त्याला म्हणालो, अहो, आमच्या कॅसेटी जिल्ह्यात घरोघर आहेत, फक्त त्यांच्यावर कीर्तन आहे. त्याला ती थट्टा वाटली.

वीस साली लोणारचं तळं गुलाबी झालं, त्याच्या दोन वर्षांनंतर मावशीचा डावा कान गेला. उजवाही वर्ष-दोन वर्षांत जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ब्याऐंशीची म्हातारी एकटी एसटीत बसून मेहकरला गेली आणि शेषरावाच्या दुकानात उभी राहिली. "शेषरावभाऊ, माह्या गोविंदाची कॅसेट हाये का तुमच्यापाशी? कान हायेत तवर एक डाव ऐकाचा हाये त्याले."

आणि शेषराव म्हणाला, "हाये."

त्याच आठवड्यात तो लोणारला माझ्या दारात आला. मी दार लावूनच घेणार होतो. पण तो उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणाला, "मास्तर, मी खोटं बोललो. तिच्या तोंडाकडं पाहून नाई म्हनवलं नाई. तुमच्यापाशी असंल तं द्या, पाया पडतो."

"मी तळ्यात फेकली," मी सांगितलं.

तो खाली उंबऱ्यावरच बसला. "म्हंजे मी पुसली, तुमी बुडवली," एवढंच म्हणाला. मी त्याला आत घेतलं. दुसरं काय करणार होतो?

नात्यागोत्यात गेलेल्या प्रती, धम्मरत्न-सागरच्याही, कधीच हरवल्या होत्या. तेव्हापासून त्याची ही भटकंती. दोनशे साठपैकी एखादी तरी भरायची राहिली असेल, एखादी चुकून तशीच विकली गेली असेल, या आशेवर. दोन वर्षांत त्याला एकोणीस सापडल्या. प्रत्येक कॅसेट तो दारातच पिशवीतल्या मशीनमध्ये घालायचा, बटण दाबून थेट शेवटाकडे पळवायचा आणि ऐकायचा. मी एकदा त्याला म्हणालो, सुरुवातीपासून का लावत नाही? त्यानं मान हलवली. "सुरवातीले मी हाये मास्तर, शेवटाले तो हाये. मले मी नाई ऐकाचा."

ते खरंच असावं. तो माणूस पोखरला गेला होता. बाजारात कोणी कोणाला "आलो रे" म्हणून ओरडलं की जागच्या जागी थांबायचा आणि वळून पाहायचा. अनुपमा मला सांगत होती, "काका, बाबा ओ देत नाईत आताशा. जेवाले हाक मारली तं मुकाट्यानं येऊन बसतात. आलो म्हनतच नाईत." मी त्याच्यावर इतकी वर्षं राग धरला होता, आणि आता तो राग ठेवायला जागाच उरली नाही.

सापडलेल्यातल्या दोन कॅसेटी त्यानं मावशीला आणून ऐकवल्या. शेवटचं गाणं दोन्हींवर जसंच्या तसं होतं. मावशीनं उजवा कान मशीनला लावला, गाणं पुरतं ऐकलं आणि म्हणाली, "हे गानं त्याचंच हाये भाऊ. पन याच्यात तो माह्याशी बोलत नाई." शेषरावानं टेपरेकॉर्डर तिच्याकडेच ठेवला आणि स्वतःसाठी भंगारातून दुसरा आणला. तिला बटणं कळायची नाहीत. चालू करायच्या बटणावर मी तिची एक टिकली चिकटवून दिली, बंद करायच्या बटणावर काही नाही.

या फाल्गुनात शेषराव वडनेर भोलजीला जाऊन आला. तिथे अन्नपूर्णा नावाच्या एका बाईंच्या देवघराच्या फळीवर लाल फडक्यात दोऱ्यानं बांधलेली कॅसेट होती. सासूनं बांधून ठेवलेली. फेकायची नाही, वाजवायची नाही, असं सांगून सासू वारली. "घेऊन जा," बाई म्हणाल्या, "पन आमच्या दारात लावू नका." म्हणून ती तेवढी एक कॅसेट त्याला तिथे ऐकता आली नाही. तो तशीच घेऊन थेट लोणारला आला.

दुपारचे बारा वाजले असतील. मी मावशीकडेच होतो. रविवारी तिची औषधं नेऊन द्यायचा माझा नेम आहे. शेषरावानं फडकं सोडलं. पिवळा कागद, त्याचा शिक्का, त्याच्याच अक्षरात 'हरिपाठ, कीर्तन'. त्याचा चेहरा उतरला. कॅसेट खाटेवर ठेवून तो हातपाय धुवायला मोरीवर गेला. मी औषधाच्या गोळ्या मोजत होतो. मावशीनं कॅसेट उचलली, मशीनमध्ये घातली आणि तिला येत होतं तेवढं केलं. टिकलीवर बोट ठेवून दाबलं.

थोडी खरखर झाली. मग एक बाई मोठ्यानं म्हणाली, "गोविंदा, जेवाले ये रे!"

"आलो व माय, एवढं एक गाणं होऊ दे."

आणि खट्ट. टाळ, मृदंग, रामकृष्णहरी.

माझ्या हातातल्या गोळ्या खाली सांडल्या. शेषराव मोरीच्या दारात ओल्या पायांनी उभा होता, तांब्या हातात तसाच. मावशीनं कान मशीनवरून काढला नाही. कीर्तन चालू होतं आणि ती तशीच वाकून बसली होती.

मला समजायला वेळ लागला. शेषरावाला लागला नाही. तो आत आला, मशीन बंद केलं, कॅसेट काढली, खिशातली पेन्सिल चाकात घातली आणि उलटे वेढे मोजू लागला. ओठ हलत होते. पाच वेढ्यांची साधी पट्टी, आणि वरचे सहा त्याच्या हट्टाचे. अकोल्याच्या प्रतींवर आवाज पाचव्या वेढ्यापासूनच सुरू व्हायचा. त्या सहा वेढ्यांवर, आठ-नऊ सेकंदांच्या त्या जागेत, शेषरावानं कधी काही भरलंच नव्हतं. एकाही कॅसेटवर नाही. लोक 'याच्यात कोनी तरी हाये' म्हणून सांगायला येत होते, त्यात हेही होतं. सापडलेल्या एकोणीसच्या एकोणीस कॅसेटींवर गोविंदा होता, आणि हा बाबा बटण दाबून त्याच्या अंगावरून पुढे पळत होता.

"सगळ्यांत हाये," शेषराव म्हणाला. "सगळ्यांत हाये तो. मी दोन वर्सं..." तो जमिनीवर बसला आणि पोरासारखा रडला. मीही रडलो, लाजायचं काय त्यात.

मावशीनं त्याला रडू दिलं. मग विचारलं, "अशा किती इकल्या होत्या भाऊ?"

"दोनशे साठ."

तिनं ते मनाशी धरलं. बाहेर कोणाच्या तरी अंगणात तुरीच्या शेंगा बडवत होते.

"दोनशे साठ घरी जाऊन माहं पोरगं आलो, आलो म्हनून राह्यलं," मावशी म्हणाली. "अन् मी इथंच दाराकडं पाहून राह्यली."

शेषरावानं तिच्यापुढे हात जोडले. तिनं ते खाली केले आणि कॅसेट पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा खरखर, पुन्हा ती हाक, पुन्हा तो. या वेळी वाक्य संपताच मावशीनं मला खुणावलं आणि मी बंदचं बटण दाबलं. कीर्तन सुरू झालं नाही.

"होऊ दे त्याचं गानं," ती म्हणाली, आणि डोळे मिटून बसून राहिली.

आम्हीही बसलो. माझ्या बोटांना ते गाणं अजून पाठ आहे. मी मांडीवर माझी जागा वाजवत होतो. धम्मरत्नचा ठेका, मग गोविंदा, मधे माझ्या कीबोर्डच्या चार पट्ट्या, मग पुन्हा गोविंदा. साडेचार मिनिटांचं गाणं. ते नेमकं संपलं तेव्हा मावशीनं डोळे उघडले. हा योगायोग असेल. मी कोणाला पटवायला जात नाही.

ती भिंतीला धरून उठली आणि चुलीकडे गेली. ताटं मांडल्याचा आवाज आला. मग आतून हाक आली, तीस वर्षांत थकलेली, पण तीच चाल, "जेवाले या रे!"

मी शेषरावाकडे पाहिलं. त्यानं डोळे पुसले, गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला, आणि दोन वर्षं गिळलेला शब्द त्याच्या तोंडून निघून गेला, "आलो व माय."

आत ताटांचा आवाज थांबला.

"कोन बोललं?" मावशीनं विचारलं.

शेषराव चुलीकडे निघाला, आणि मी त्याच्या मागोमाग.